माती उकरू नका, ओल बघा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या एका सीआरपी ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून बोलल्याप्रमाणेच, थोडं नीटनेटकं करून, छापत आहोत.)

तायांनो, मावश्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या आयांनो,

अहवाल वाचून झाला, जमाखर्च मंजूर झाला. आता जेवणाआधीची पंधरा-वीस मिनिटं माझ्या वाट्याला आलीत. स्वयंपाकघरातून वास यायला लागलाय, मला कळतंय, पण थोडं ऐका.

अध्यक्षताई मला म्हणाल्या, "नवीन गटांतल्या बाया नाराज आहेत, त्यांना धीराचं काहीतरी सांगा." मी म्हटलं, ताई, बाईला जन्मल्यापासून दुसरं काय सांगतात? धीर धर. थांब. होईल सगळं. ऐकून ऐकून कान किटले. म्हणून मी आज झाडांवर बोलणार आहे. शेतातल्या झाडांवर नाही. शेत आपल्यातल्या किती जणींच्या नावावर आहे ते आपल्याला माहीत आहे. मी बोलणार आहे ओसरीवरच्या, दारातल्या, न्हाणीपाशी तेलाच्या डब्यात लावलेल्या झाडांवर. त्या झाडांचा सातबारा कुणी मागत नाही. ती आपली असतात. काय लावायचं, कधी खुडायचं, शेजारणीला फांदी द्यायची की नाही, सगळं आपण ठरवतो. घरात आपल्या एकटीच्या निर्णयावर चालणाऱ्या गोष्टी मोजा, त्यात हे डबे नक्की येतील.

तुळस तर सगळ्यांकडे असणारच. कोरफड किती जणींकडे? बघा, निम्मे हात वर. पानओवा? पावसात ज्याची भजी करता तो. गवती चहा? आणि टीव्हीवर बाटलीत मनी प्लांट? हसू नका, माझ्याकडेपण आहे. तो म्हणे चोरून आणला तरच पैसा येतो. झाडाचं ठीक आहे, गटाच्या पेटीला हा नियम लावू नका म्हणजे झालं.

आता कढीपत्ता घ्या. ज्यांनी बियांपासून लावला असेल त्यांना माहीत आहे, हे झाड फार छळतं. आपण भेंडीचं, दोडक्याचं बी वाळवून पुडीत बांधून ठेवतो आणि पुढच्या वर्षी लावतो. कढीपत्त्याला तसं चालत नाही. बी सुकलं की त्याची उगवण्याची ताकद लवकर जाते. काळं पिकलेलं फळ उतरवायचं, वरचा गर काढायचा आणि ताजं बी लगेच मातीत टाकायचं. त्यानंतर काही आठवडे डब्यात नुसती माती दिसते. घरातली पोरं रोज उकरून बघतात, आलं का, आलं का. उकरलं की कोवळा कोंब मोडतो, मग ते कधीच येत नाही. न उकरता ठेवलं तर येतं, पण आलं तरी पहिलं वर्षभर वीतभरच राहतं. शेजारीण म्हणते, "काय गं, मेलं वाटतं तुझं." मेलेलं नसतं. ते आधी खाली मुळं धरत असतं. मूळ बसलं की मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते असं उठतं, की फोडणीला रोज दोन डहाळ्या काढल्या तरी त्याला कळत नाही. शेंडा खुडला तर उलट बाजूनं चार फांद्या फुटतात.

हे सांगायचं कारण आहे. दिवाळीच्या आधी दोन गटांतून माझ्या कानावर आलं, "ताई, वर्ष झालं, काही मिळालं नाही. गट मोडू, पैसे वाटून घेऊ, सणाला तरी कामी येतील." राग आला नाही मला. दिवाळीत लेकरांना कपडे घ्यायचे असतात, हे मला कळतं. पण त्या दिवशी आम्ही बसून हिशोब केला, तो तुम्हालाही सांगते.

12 जणींचा गट. महिन्याला 100 रुपये बचत. वर्षाचे झाले 14,400. गट मोडला तर एकीच्या हातात 1,200 रुपये आणि वर अंतर्गत कर्जाच्या व्याजाचे शंभर-दीडशे. एक साडी आणि फराळाचं सामान. संपलं. पुढच्या वर्षी परत गट करू म्हणाल, तर परत पहिल्यापासून बी पेरायचं.

आता मोडला नाही तर काय? रिझर्व्ह बँकेनं बँकांना घालून दिलेल्या नियमांत गट निदान सहा महिने चालू असावा लागतो. नुसता कागदावर नाही, हिशोबाच्या वहीत चालू दिसला पाहिजे. पंचसूत्री पाळलेली पाहिजे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. मग पहिल्या वेळचं बँक कर्ज गटाच्या स्वनिधीच्या सहा पट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. 14,400 ची सहा पट दीड लाखाला पोहोचत नाही, म्हणून दीड लाख धरा. 12 जणींत भागलं तर एकीमागं 12,500. ते बक्षीस नाही, कर्ज आहे, फेडायचं आहे, हे मी दहा वेळा सांगेन. पण एकीकडे 1,200 आणि दुसरीकडे 12,500 चा दरवाजा. सहा महिने, वर्षभर वर काही दिसत नव्हतं, तेव्हा खाली हे मूळ बसत होतं. वहीतली प्रत्येक सही हे एक मूळ होतं.

त्या दोन गटांतला एक मोडला. एक टिकला. मोडलेल्या गटातल्या चौघी आज इथं आल्यात, नवीन गटात आहेत. चांगलं केलं.

हां, पण आता उलटी बाजू. धीर धरायचा म्हणजे डबा लावून दिला आणि देवावर सोडला, असं नाही. काही जणी झाडाला विसरतात, आणि काही जणी इतकं जपतात की मारून टाकतात. माझ्या बघण्यात तहानेनं मेलेल्या झाडांपेक्षा पाण्यानं मेलेली झाडं जास्त आहेत. सकाळी तांब्याभर, दुपारी भांडी विसळलेलं, संध्याकाळी दिवा लावताना परत तांब्याभर. आणि डब्याच्या तळाला भोकच नाही! पाणी जाणार कुठं? मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. माती सारखी चिखल राहिली की मुळं श्वास कोंडून कुजतात.

खरी गंमत पुढं आहे. गंमत कसली, खोड आहे. मूळ कुजलेलं झाड दिसतं कसं? पानं पिवळी, माना टाकलेल्या. तहानलेलं झाड दिसतं कसं? तसंच. पानं मलूल, माना खाली. कारण मूळ कुजलं की डब्यात पाणी भरलेलं असूनही ते वर चढत नाही. बाई बघते, म्हणते, अगंबाई सुकलं, आणि अजून एक तांब्या ओतते. तिथंच ते संपतं.

म्हणून वरून बघून पाणी घालायचं नाही. बोट मातीत दोन पेरं खुपसायचं. ओल लागली तर तांब्या परत ठेवायचा. कोरडं लागलं तरच घालायचं, आणि घालायचं तर तळातून निथळेपर्यंत घालायचं.

मैत्रिणींनो, मी गावोगाव बैठकांना जाते. मला सगळ्यात जास्त भीती याच झाडाची वाटते. एखाद्या घरी जावं तर वहिनी उतरलेल्या तोंडानं सांगतात, "ताई, पैशाची फार अडचण आहे, कुठून कर्ज मिळेल का?" वरून बघितलं तर घर तहानलेलं दिसतं. खाली बोट घालून बघितलं तर कळतं, एका कंपनीचा हप्ता सोमवारी, दुसरीचा गुरुवारी, सोन्यावर काढलेलं वेगळं, आणि पहिल्याचा हप्ता भरायला तिसरं काढलेलं. त्या घराला तहान लागलेली नाही. ते कर्जात बुडालंय. त्याला चौथं कर्ज देणं म्हणजे अजून एक तांब्या ओतणं. देणारे मात्र दारात उभे असतात, आधार कार्ड आणि दोन फोटो द्या, संध्याकाळी पैसे घ्या. एवढ्या झटपट येणाऱ्या पाण्याची मला शंका येते.

सूक्ष्म कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात 10,000 येत असतील तर सगळे हप्ते मिळून 5,000 च्या आत. माझं विचाराल तर निम्मं म्हणजेसुद्धा जास्तच झालं. 5,000 त घर चालवून दाखवावं त्या नियम करणाऱ्यांनी. पण निदान ही रेघ आहे. कर्ज घेताना उत्पन्नाचा आकडा खोटा वाढवून लिहू देऊ नका. तो आकडा तुमच्या मुळाच्या रक्षणासाठी आहे.

आणि मूळ कुजायला लागलेलंच असेल तर? झाडाचं काय करतो आपण? पाणी थांबवतो. डबा सावलीत घेतो. झाड अलगद उपसून काळी, मऊ पडलेली मुळं कापतो, पांढरी टणक असतील ती ठेवतो, कोरड्या भुसभुशीत मातीत परत लावतो. खत घालत नाही. जीव धरेपर्यंत काही म्हणजे काही घालत नाही. आमच्या ग्रामसंघात एका वहिनींबरोबर आम्ही असंच केलं. एका कोऱ्या पानावर सगळी देणी लिहून काढली, लपवलेली सुद्धा. तिथं त्या रडल्या, कारण बेरीज त्यांनी स्वतः पण कधी केली नव्हती. नवीन कर्ज बंद. सगळ्यात जास्त व्याजाचं आधी फेडायचं ठरलं. त्यासाठी गटानं अंतर्गत कर्जातून थोडी मदत केली आणि पैसे हातात न देता थेट तिथं जाऊन भरले. दीड वर्ष लागलं. दीड वर्ष त्यांनी बैठकीत काहीच मागितलं नाही, फक्त बचत भरत राहिल्या. आज त्या इथं बसल्यात. नाव घेत नाही, पण त्या हसतायत.

आता कुंडीचं सांगते, हे नवीन व्यवसाय करणाऱ्यांसाठी.

लहान डब्यात झाड लावलं की काही दिवसांनी ते थांबतं. पानं लहान येतात, पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं. उपसून बघा, मातीपेक्षा मुळंच जास्त, गोल गोल फिरून गुंता झालेला. त्या झाडाला आता मोठी जागा पाहिजे. पण किती मोठी? रोप दह्याच्या डब्यातलं असेल तर ते उचलून एकदम पाण्याच्या ड्रममध्ये लावू नये. एवढ्याशा मुळाला एवढी माती झेपत नाही. पाणी शोषायला मुळंच नसतात, माती ओली राहते, आणि परत तेच, कूज. म्हणून एक माप वाढवायचं. दह्याच्या डब्यातून रंगाच्या लहान डब्यात, तिथून तेलाच्या डब्यात, मग कुंडीत. आणि बदलल्यावर चार-सहा दिवस झाड मान टाकतं, ते घाबरण्यासारखं नसतं. सावलीत ठेवायचं, खताची घाई करायची नाही.

बँकेची रक्कमसुद्धा अशीच मापानं वाढते. पहिल्यांदा किमान दीड लाख, ते फेडल्यावर दुसऱ्यांदा किमान तीन, मग तिसऱ्यांदा किमान सहा लाख. नवीन गटातल्या बाया म्हणतात, "त्या जुन्या गटाला सहा लाख आणि आम्हाला एवढंच का?" कारण त्यांनी दोन डबे आधी भरून दाखवलेत.

आमच्या गटात एका ताईंनी अंतर्गत कर्जातून 5,000 घेतले, जुनं शिलाई मशीन आणलं. पहिले काही महिने नुसतं साडीला फॉल लावणं आणि पोरांच्या चड्ड्यांना ठिगळ. घरातले म्हणायचे, मशीन धूळ खातंय. त्यांनी ते 5,000 फेडले, मग ब्लाउज शिकायला तालुक्याला जाऊन आल्या. दुसऱ्यांदा 15,000 घेऊन पिकोचं मशीन आणलं. आता लग्नसराईत त्यांच्याकडे नंबर लावावा लागतो. त्याच गावात एकीनं नातेवाइकांच्या भरीला पडून पहिल्याच फटक्यात दुकानाचा गाळा, काचेचं काउंटर, पन्नास हजारांचा माल भरला. माल चांगला होता. गिऱ्हाईकच अजून तयार झालं नव्हतं. तिची हुशारी कमी पडली असं मी म्हणणार नाही. ड्रम मोठा होता, एवढंच.

एक विनंती आहे, जरा कडू लागेल. बँकेचे पैसे आले की 12 जणींत सारखे वाटून घेता ना? घेता. मला माहीत आहे. भांडण नको म्हणून घेता. पण पुदिन्याला रोज पाणी लागतं, कोरफडीला आठ-दहा दिवस नाही घातलं तरी चालतं, रोज घातलं तर ती सडते. दोघींना सारखा तांब्या दिला तर न्याय होतो का? जिला शेळ्या घ्यायच्यात तिला जास्त द्या. जिला आत्ता नको तिला जबरदस्ती देऊ नका. म्हणून तर सूक्ष्म पत आराखडा बनवायला सांगतात, प्रत्येकीची गरज लिहून. तो लिपिकेनं एकटीनं घरी बसून भरायचा कागद नाही.

आणि आता मी माझ्याच बोलण्याच्या विरुद्ध बोलते.

जास्वंदीच्या शेंड्याला पांढरं कापसासारखं दिसायला लागलं तर तुम्ही धीर धरता का? पिठ्या ढेकूण आहे तो. आज एका फांदीवर, थोड्या दिवसांत शेजारच्या सगळ्या कुंड्यांवर. तिथं वाट बघायची नसते. फांदी कापून लांब टाकायची, बाकीच्यावर साबणाचं पाणी, निंबोळीचं पाणी मारायचं, त्याच दिवशी. आणि तो डबा बाकीच्यांपासून दूर ठेवायचा.

तसंच काही गोष्टींत मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. कोषाध्यक्ष तीन बैठकांपासून वही घरीच विसरत असेल, तर चौथ्या बैठकीची वाट बघू नका. पासबुक भरून आणलेलं नसेल तर विचारा. भांडखोर म्हणतील, म्हणू देत. आणि घरात हात उगारला जात असेल, तर "आज ना उद्या सुधारेल" असं म्हणून वर्षं काढू नका. त्याला धीर म्हणत नाहीत. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, लगेच मदत लागली तर 112. आत्ता इथंच फोनमध्ये घालून ठेवा. ज्यांना घालता येत नाही त्यांनी शेजारणीला द्या. घाला, मी थांबते.

झालं? बरं.

शेवटचं एक, कारण वाढपी मला खुणावतायत. खिडकीतली कुंडी बघा. झाड उजेडाकडे वाकतं. एकच बाजू कायम बाहेर ठेवली तर त्या बाजूला भरपूर पानं आणि आतली बाजू भुंडी. म्हणून आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची. आपल्या गटांत काय होतं? बँकेत तीच ताई जाते, साहेबांशी तीच बोलते, प्रशिक्षणाला तीच, फोटोत पण तीच. ती वाईट नसते, उलट राबते बिचारी. पण बाकीच्या नऊ-दहा जणींना उजेडच लागत नाही. आणि उद्या ती आजारी पडली, माहेरी गेली, तर गटाला बँकेची पावती भरता येत नाही. पुढच्या महिन्यापासून बँकेत जाताना जुन्या एकीबरोबर एक नवीन पाठवा. जी कधीच बोलत नाही तिला आधी. ती काउंटरवर गोंधळेल, सही चुकवेल, उशीर होईल. होऊ देत. बस चुकली तर दोघी मिळून चहा प्या आणि पुढच्या गाडीनं या.

तर, मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात बादलीत पानओव्याच्या फांद्या ठेवल्यात. आमच्या गटानं आणल्यात, पैसे नाहीत. जाताना एकेक न्या. खालची दोन पानं काढून डोळा मातीत जाईल अशी खोचा, पहिले काही दिवस सावलीत ठेवा. आणि जो काही डबा घ्याल, त्याला आधी खिळ्यानं तळाला भोकं पाडा.

चला, पानं मांडलीत. आधी मागं बसलेल्या आयांना बसवा.